पहिलीचा अभ्यासक्रम पालकांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची?

पालक, भांडुप
२०२५-२६ मध्ये माझी मुलगी मुंबईतील एका अनुदानित मराठी शाळेत पहिलीत होती. नवा अभ्यासक्रम लागू होत असताना पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर १६ एप्रिलचा शासन निर्णय आला, त्यानंतर १७ जूनचा आला आणि तिसऱ्या भाषेबाबतचे हे दोन्ही निर्णय रद्द करत असल्याचे सरकारने २९ जूनला जाहीर केल्यावरही पहिलाच निर्णय आठवडाभर नव्याने फिरत राहिला. शाळेत विचारले तेव्हा "आमच्याकडेही तोच आला आहे" असे उत्तर मिळाले. अधिकृत कागद पालकाने मिळवायचा तरी कोठून?

निवृत्त मुख्याध्यापिका, परळ
कोणत्याही शासन निर्णयाच्या शेवटी असलेली 'प्रत' ही यादी वाचून पाहा. तीत मंत्रालयापासून शिक्षण आयुक्त, संचालक, उपसंचालक अशी उतरंड असते. आपल्याकडे तेथून कागद शिक्षण निरीक्षकांकडे (महापालिकेच्या शाळांसाठी पालिकेच्या शिक्षण विभागाकडे) आणि मग मुख्याध्यापकांकडे येतो. पालक त्या यादीत नसतात, त्यामुळे मुख्याध्यापकांच्या टेबलावर कागद थांबला तरी कोणाचा आदेश मोडला असे होत नाही. मीही अनेक परिपत्रके नुसती सही करून फाइलला लावली आहेत, हे कबूल करते.

गटावर आलेल्या प्रतीची खातरजमा मात्र घरबसल्या करता येते. शेवटच्या परिच्छेदात अठरा अंकी संकेतांक असतो. तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शोधावा आणि त्याच विषयावर नंतरचा निर्णय निघाला आहे का, हेही तेथेच पाहावे. ही दुसरी पायरी सहसा कोणी करत नाही, आणि तुमच्या गटाची फसगत तेथेच झाली.

प्राथमिक शिक्षक, विक्रोळी
शासन निर्णय म्हणजे अभ्यासक्रम नव्हे, एवढी भर घालतो. अभ्यासक्रम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद तयार करते, तर पुस्तके बालभारती काढते आणि ती पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. मुलाने वर्षअखेर काय करू शकावे, हे सांगणाऱ्या अध्ययन निष्पत्ती पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवरच छापलेल्या असतात. पण त्या पानांना कव्हर घालण्यापलीकडे फारसे कोणी हात लावत नाही.

पालक प्रतिनिधी, गोरेगाव
संकेतस्थळावर टाकले म्हणजे पोहोचवले, हे मला मान्य नाही. राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा मे २०२४ मध्ये हरकतींसाठी खुला झाला तेव्हा शाळांना सुट्टी होती आणि निम्मी चाळ कोकणात गेलेली होती. सूचना पाठवणार कोण? माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ माहिती मागण्याची वाट न पाहता आणि स्थानिक भाषेत प्रसिद्ध करण्यास सांगते. अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणे शिक्षण हक्क कायद्याने बंधनकारक आहे आणि तीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. नव्या परिपत्रकांचे वाचन हा विषय प्रत्येक बैठकीत घ्यावा, असा अर्ज समितीच्या सचिवांकडे, म्हणजे मुख्याध्यापकांकडेच, द्या आणि पोच घ्या.

पालक, भांडुप
संकेतांक टाकून पाहिला, निर्णय सापडला. अर्ज सोमवारी देतो.