समुद्रावरून परत, दुसऱ्या सकाळी कॉलेज : तुमचे अनुभव सांगा

दिवाळीनंतर कॉलेजं सुरू झाली तेव्हापासून आमच्या खोलीवर एकच विषय आहे : घरच्यांसोबत समुद्रावर जाऊन आलो, आता पुस्तकात लक्षच लागत नाही. नागपूरहून समुद्र काही जवळ नाही. मडगाव गाडीने कुडाळला उतरायचं तरी जवळपास अख्खा दिवस गाडीत जातो. सहा दिवसांच्या सुट्टीत समुद्राच्या वाट्याला जेमतेम चार, आणि परतल्यावर अंग सैल करायलाही वेळ नाही. तुमचं कसं झालं? सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आमचं घर वर्ध्याला. परतीची गाडी आधी वर्ध्याला थांबते, मग नागपूर. मालवणला आम्ही पाचही जण होतो. आजीने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. सिंधुदुर्ग किल्ल्यात चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी, याचं तिला केवढं नवल! दूधबाव, दहीबाव, साखरबाव, ही नावं ती गाडीत पुन्हा पुन्हा घोकत होती. वर्धा आलं तशा आईने बर्थखालच्या बॅगा ओढल्या, बाबांनी आजीला हात धरून उतरवलं आणि डब्यात मी एकटी राहिले. "पोचल्यावर फोन कर गं," आई खिडकीशी येऊन म्हणाली. गाडी सुटल्यावर पाहते तर समोरच्या बर्थवर आजीची शाल राहिलेली. नागपूर येईपर्यंत मी ती पांघरून बसले. खोबरेल तेलाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वास होता तिला.

सकाळी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. तिकडे पूर्ण करीन म्हणून नेलेलं जर्नल उघडलं तर शिवणीत वाळू. लिहिलेलं एक पानही नाही. टायट्रेशनला रीडिंग दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा फ्लास्कमध्ये तो फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला, तेव्हा कुठे मी नागपुरात आल्यासारखं वाटलं.

*

माझं वेगळं झालं, ताई. मी नागपूरचाच, घरूनच कॉलेजला जातो, त्यामुळे घरच्यांपासून तुटायचा प्रश्न नव्हता. प्रश्न हजेरीचा होता. 75 टक्क्यांची अट, आणि आमच्या सुट्टीला जोडून मी तीन दिवस बुडवले. त्यातल्याच एका दिवशी सेशनल जाहीर झाली. मित्राने वहीचे फोटो पाठवले होते, पण मोबाइलवर पाहून अभ्यास होत नाही, हे तेव्हा कळलं. बर्डीवर जाऊन सगळ्याची झेरॉक्स काढली आणि रात्री बसून हाताने उतरवून घेतलं. ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जा, फक्त निघायच्या आधी सबमिशनच्या तारखा सरांना विचारून घ्या. मी विचारल्या नव्हत्या.

*

मी अभ्यासिकेत बसतो, स्पर्धा परीक्षेची तयारी. चार दिवस आईबाबांसोबत गणपतीपुळ्याला होतो आणि मनात सारखं, इतरांचं वाचन पुढे चाललंय. आल्यावर कळलं, बाबांनी शेतातल्या कामाचे दिवस मोडून ही सुट्टी काढली होती, मी थकलेला दिसतो म्हणून. वाईट वाटलं. तिथं असताना मनानं तिथंच राहायला हवं होतं.

*

मेसमधल्या मावशींसाठी कोकम आणलं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सोलकढी करून वाढली. माझं परतणं तिथेच सोपं झालं.

*

एम.ए. भूगोल, मूळ गाव उमरेड. आम्ही हरिहरेश्वरला गेलो होतो. तिथला प्रदक्षिणेचा मार्ग खडकांवरून जातो, ओहोटी असेल तरच उतरायचं. आम्ही जेवायला थांबलो तिथल्या काकांनी बाबांना हिशेब शिकवला : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. बाबा शेतकरी माणूस, पंचांग त्यांना पाठ, पण त्यातून समुद्र मोजता येतो हे नवीन होतं. दोन दिवस दोघं बापलेक किनाऱ्यावर उभे राहून ताडून पाहत होतो, आणि खरंच, थोड्याफार फरकाने जमत होतं.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात वर्गात भरती-ओहोटी निघाली. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा का येते, मॅडमनी विचारलं. चंद्र तेवढा पुढे सरकलेला असतो आणि पृथ्वीला त्याला गाठायला तेवढा जास्त वेळ लागतो, हे मी पुस्तकात आधीच वाचलं होतं. पण त्या दिवशी बोलताना माझ्या डोळ्यांपुढे खडकावर उभे असलेले बाबा होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

आता रात्री त्यांचा फोन येतो. जेवलीस का, अभ्यास झाला का, आणि मग, "आज पाणी किती वाजता चढलं असेल, बाई?" मी खोलीतल्या कॅलेंडरवर तिथी बघते. आज सप्तमी. सव्वापाच, बाबा.