पेशी : कोर्टातली आणि कापसातली

प्रश्न, परभणीहून : नात आठवीचा धडा मोठ्यानं वाचत होती, "सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात." आमचे आबा बाजेवरूनच म्हणले, "पेशी? कोणत्या तारखेला हाय?" हे दोन शब्द एकच की वेगळे?

उत्तर, अंबाजोगाईहून : वेगळे. आबांची पेशी फारसी. पेश म्हणजे पुढे, समोर. पेशवा, पेशकार, पेशगी त्याच घरातले. निजामाच्या कचेऱ्या उर्दूत चालायच्या, म्हणून आपल्याकडं तारखेला पेशी म्हणणारे अजून भेटतात. नातीची पेशी संस्कृत, अर्थ मांसाचा गोळा. सुश्रुतसंहितेत शरीरात 500 पेशी सांगितल्यात, पण त्या म्हणजे आजचे स्नायू. हिंदीत मांसपेशी त्याच अर्थानं टिकली आणि नव्या अर्थासाठी कोशिका, म्हणजे छोटा कोश किंवा कप्पा, आली. मराठीनं जुनाच शब्द नव्या कामाला जुंपला. उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकलेली पिढी मात्र 'खलिया' म्हणायची. अरबीत त्याचा एक अर्थ मधमाश्यांचं पोळं.

परभणीहून : मग कोशिकाच बरा नाही का? रॉबर्ट हुकनं 1665 मध्ये बुचाच्या चकतीत कप्पेच तर पाहिले.

अंबाजोगाईहून : कप्पे पाहिले, पण मेलेल्या पेशींचे. आत जीवद्रव्य नव्हतं, उरल्या होत्या नुसत्या भिंती. सगळे सजीव पेशींचे बनलेले, हा सिद्धांत पुढं 1838-39 मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी मांडला, तोही अर्धाच. नवी पेशी कुठून येते याचं दोघांचं उत्तर चुकलं होतं. पेशी आधीच्या पेशीपासूनच होते, हे व्हिर्कोनं 1855 मध्ये ठासून सांगितलं. नुसता कप्पा दुसरा कप्पा जन्माला घालत नाही, म्हणून मला मांसल 'पेशी'च पटते.

हुकनं पाहिलं तसं तुमच्या रानातही आहे. सरकीवरचा कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी. बियाच्या सालीतली पेशी फूल उमलायच्या सुमारास लांबायला लागते आणि जाडीच्या हजार पटींहून लांब होते. बोंड फुटलं की ती वाळून मरते. आपण वेचतो ती तिची भिंत, जवळपास निव्वळ सेल्युलोज.

जालन्याहून : मधेच बोलतो. श्वसन आणि श्वासोच्छ्वास यांतही पोरं घोळ घालतात, आणि मास्तरही! श्वासोच्छ्वास म्हणजे हवा आत घेणं, बाहेर सोडणं. श्वसन पेशीच्या आत चालतं : ऑक्सिजन वापरून ग्लुकोजमधून ऊर्जा काढायची, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. यातलं बरंचसं काम तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रियात) होतं. बियाला फुप्फुस नाही, पण श्वसन आहे. आपली जुनी माणसं ज्वारीचं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, उघडलं की लगेच आत उतरत नसत, आधी वारं खेळू देत. बंद पेवात दाणे ऑक्सिजन संपवतात, आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यानं तळाशी साचून राहतो. घाईनं उतरलेली माणसं त्यात दगावलीत. तेव्हा 'धान्य श्वास घेतं' असं लिहू नये, 'धान्याचं श्वसन चालतं' असं लिहावं.

परभणीहून : पटलं. एक राहिलं, अनेकवचन पेशी की पेश्या?

अंबाजोगाईहून : पुस्तकात 'पेशी'च : एक पेशी, अनेक पेशी, पेशींचे. कोर्टाच्या मात्र पेश्या. आबांना विचारा, किती झाल्या.