मदत हवी आहे: नळाला पाणी आलं की गप्पी-मोली मरतात (सोलापूर)

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. घरी दोन बाय एक बाय एक फुटाची माशांची काचेची टाकी आहे. त्यात गप्पी, काळ्या मोली आणि प्लॅटीची एक जोडी. साधा स्पंज फिल्टर, त्याला एअर पंप. हीटर नाही, सोलापुरात लागतोय कुठं.

त्रास असा की आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. पाणी आलं की हौद भरा, ड्रम भरा, भांडी भरा अशी धांदल, आणि त्याच धांदलीत माशांचं पाणीही बदलून घेतो. निम्मं काढायचं, नळाची पाइप थेट टाकीत सोडायची. स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतो, काळं पाणी जाईपर्यंत. गोटेही धुतो. टाकी लख्ख दिसते.

त्याच रात्री मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतात, कल्ले भराभर हलतात. सकाळी एखाददुसरा उलटा. एवढ्यावर थांबलं असतं तर नशीब म्हटलं असतं, पण पुढचे काही दिवस एकेक जातच राहतो आणि पाणी दिसायला एकदम नितळ! मोली तर जागच्या जागी नुसत्या डोलतात, पुढं सरकत नाहीत.

दुकानदार म्हणतो सोलापूरचं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त, आरओचं वापरा. शेजारचे म्हणतात बोअरचं टाका. आई म्हणते मुके जीव कोंडून कशाला ठेवलेस. आईला उत्तर नाही माझ्याकडं, पण बाकीच्या दोघांचं ऐकू का?

शिवाय एक गप्पी मादी पोटुशी दिसतेय, शेपटीच्या अलीकडचा काळा डाग मोठा झालाय. तिला जाळीच्या डब्यात कधी ठेवायचं?

निशिगंध
दादा, पाइप सोडता तेव्हा ब्लीचिंगचा वास येतो का? आणि कुठलं औषध वगैरे टाकलंय का मध्ये?

जुळेसोलापूरकर
वास येतो ताई, उन्हाळ्यात जरा जास्तच. पण तेच पाणी आम्ही पितो की. औषध म्हणून दुकानातलं निळं पाणी टाकलं होतं, फरक शून्य.

मोलीवाले काका
आपण पितो ते पोटात जातं. माशाचं रक्त आणि पाणी यांच्यामध्ये कल्ल्याचा एक पातळ पडदा तेवढा असतो आणि क्लोरीन तोच पडदा भाजतो. म्हणून तोंड वर काढतात. पाण्यात ऑक्सिजन असतो, पण भाजलेल्या कल्ल्याला तो घेता येत नाही.

तुमच्याकडे दोन वेगवेगळी मरणं चालू आहेत, ती एकात धरू नका. पहिल्या रात्री जातात ते क्लोरीननं. नंतर एकेक करून जातात ते अमोनियानं. स्पंजमधला तो काळा गाळ म्हणजे नुसती घाण नाही. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून सुटणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू त्यातच वस्ती करून असतात. नव्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर पाण्याला ती क्लोरीनच्या धारेखाली पिळून काढताय. म्हणजे टाकी दिसायला जुनी, आतून कायम नवी. आणि अमोनियाला रंग नसतो, त्यामुळं नितळ पाण्यावर विश्वास ठेवू नका.

यात जड पाण्याचा काही दोष नाही. उलट गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही सगळी पिल्लं देणारी मंडळी जड पाण्यातच खूश असतात. मोली तर मूळच्या प्रदेशात किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यातही राहते. नुसत्या आरओच्या पाण्यात ठेवलीत तर क्षार कमी पडून ती जास्त डोलेल. तुमच्या दुकानदारानं बहुधा टेट्राचं, म्हणजे मऊ पाण्यातल्या माशाचं औषध मोलीला सांगितलं.

हौदातला मासा
खडा मीठ टाका ओ. मूठभर. मी सगळ्याला मीठच टाकतो, काही होत नाही.

मोलीवाले काका
मीठ सरसकट नको. नायट्राइट वाढला असेल तर मिठातला क्लोराइड तो कल्ल्यातून आत शिरू देत नाही, तिथं फायदा आहे. क्लोरीनला आणि अमोनियाला मिठाचा उपयोग नाही. टाकायचंच तर लिटरला १ ग्रॅम, म्हणजे या टाकीला साधारण ५० ग्रॅम, आधी विरघळवून, दोन-तीन हप्त्यांत. मूठ कुणाची केवढी, काय सांगावं.

निशिगंध
आता करायचं काय ते सांगते, मी होटगी रोडला याच पाण्यावर टाक्या चालवते. एक ड्रम फक्त माशांसाठी ठेवा, साबण-निरमा लागलेला नको. पाणी आलं की तो भरा, एअर पंपाचा एक दगड त्यात सोडा, दुसऱ्या दिवशी ते पाणी वापरा. क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोर मिळतं, त्यात सोडियम थायोसल्फेट असतं, ते लगेच काम करतं. ड्रमला कापड बांधा, नाहीतर डेंग्यूचे डास तुमच्याच घरी.

निम्मं पाणी एका वेळी कशाला काढता? पाव काढा. आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोनदा दाबायचा, बस्स. थोडा काळपट राहिला पाहिजे. गोटे धुण्याचा सोस सोडा.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो हे खरं, पण जमिनीतून ताजं निघालेलं पाणी प्राणवायूला गरीब असतं, ते रात्रभर बबलरवर ठेवूनच घाला.

जुळेसोलापूरकर
अमोनियाचं किट आणून बघितलं. १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम) दाखवतंय, पीएच ८.२. हे किती वाईट?

मोलीवाले काका
आकडा शून्य हवा. पीएच ७ ला हाच १ पीपीएम माशांनी एक वेळ काढून नेला असता. पीएच एका अंकानं चढला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहा पट होतो, आणि पाणी तापलं की आणखी वाढतो. आपल्याकडं दोन्ही आहे. पीएच खाली आणायच्या बाटल्या आणू नका, पाणी जड असलं की तो परत वर येतो आणि त्या चढउतारानं मासे जास्त हैराण होतात. दोन दिवस खाणं बंद, मासे मरत नाहीत उपाशी. रोज पाव पाणी बदला, ड्रममधलंच. रोज मोजा.

हौदातला मासा
आणि उन्हाळ्याचं काय? बाहेर ४३ असतं तेव्हा माझी टाकी ३३ दाखवते. बर्फाची बाटली सोडू का?

निशिगंध
बर्फानं तापमान खाली-वर नाचतं, त्यापेक्षा टेबल फॅन पाण्यावरून तिरका लावा. पाणी उडतं तसं दोन-तीन अंश सहज उतरतं. झाकण काढून जाळी लावा, गप्पी उड्या मारतात. २५ अंशाला पाण्यात लिटरमागे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ ला ७.३ च. तेवढ्यात गर्दी असली की दुपारी लाइट गेल्यावर तासाभरात सगळे वर. बॅटरीचा एअर पंप घेऊन ठेवा, फार महाग नसतो.

उडालेल्या पाण्याच्या जागी नुसती नळाच्या पाण्याची भर घालत राहू नका हं, क्षार टाकीतच राहतात आणि पाणी जडाचं अतिजड होतं. आरओच्या पाण्याला एवढी एक जागा आहे: उडालं तेवढं भरायला.

जुळेसोलापूरकर
आणि त्या मादीचं?

निशिगंध
ठेवू नका डब्यात. अमोनिया उतरेपर्यंत तर मुळीच नको. पकडापकडीनं घाबरून ती दिवस भरायच्या आत पिल्लं टाकते. साधारण चार आठवड्यांनी विते. डाग गडद होऊन पोट खोक्यासारखं चौकोनी दिसायला लागलं की आलंच. त्याऐवजी टाकीच्या एका कोपऱ्यात जावा मॉस किंवा हॉर्नवर्ट या पाणवनस्पतींचा दाट गुंता करा. पिल्लं जन्मल्या क्षणापासून पोहतात, त्यात शिरतात. आईच खाते त्यांना, त्यामुळं सगळी वाचणार नाहीत, पण वाचतील तीच तुम्हाला डोईजड होतील. मादी एकदा फळली की नर नसला तरी काही महिने वेतं देत राहते. एका नराला दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर तिला पळवून पळवून मारतात.

जुळेसोलापूरकर
नर-मादीवरून आठवलं. मित्रानं त्यांच्या सोसायटीच्या हौदातनं एक करडी मादी आणून दिलीय, गप्पी म्हणून. ती इतरांच्या शेपट्या कुरतडते. गप्पी असं करते का?

मोलीवाले काका
अंगावर रंग नाही, शेपटी गोल आणि साधी, तोंड किंचित वर वळलेलं? मग गॅम्बुसिया असेल. हीही पिल्लं देणारीच, पण भांडकुदळ. डासांच्या अळ्या खाते म्हणून १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणली. हौदात ठीक, लांब शेपटीच्या गप्पींबरोबर नको. मित्राला परत द्या. कंबर तलावात मात्र सोडू नका, ना ही, ना वाढलेली गप्पी. तिथल्या देशी माशांची अंडी-पिल्लं ही मंडळी फस्त करतात. पिल्लं जास्त झाली तर हिवताप विभागाकडं चौकशी करा, डासांसाठी गप्पी लागत असतात त्यांना.

जुळेसोलापूरकर
गॅम्बुसियाच दिसतेय, तोंड तसंच आहे. ड्रम भरून बबलर लावलाय. अमोनिया ०.५ वर आलाय. डोलणाऱ्या मोलींपैकी एक आज खाली येऊन शेवाळ टोचत होती, बाकीच्या अजून तशाच. जावा मॉस दुकानात नाही म्हणाला.

निशिगंध
०.५ ला थांबू नका, शून्य येऊन आठवडाभर टिकू दे, मगच नवे मासे. मॉस माझ्याकडं ढीगभर आहे, डबा घेऊन या. आणि येताना स्पंज फिल्टरचा जास्तीचा स्पंज असेल तर आणा, माझ्या जुन्या टाकीत घालून ठेवते, दोन-तीन आठवड्यांत जिवाणू चढलेला परत नेता येईल. ओला न्या मात्र, वाळवू नका.

हौदातला मासा
ताई, मलाही मॉस. मी मीठ आणतो.