अंगणात देशी झाडं कोणती लावू?

कोथरूडकर: घरामागचं लॉन काढून देशी झाडं लावायचीत, फुलपाखरं-पक्षी यावेत एवढंच, पण उन्हाळ्यात पाण्याची बोंब असते. काय लावू?

पाषाणवासी: आधी लिंबू आणि कढीपत्ता. २०१५ साली आपलं राज्य फुलपाखरू झालेलं ब्लू मॉर्मन म्हणजे नीलवंत लिंबाच्या पानांवर अंडी घालतं, आणि अळ्या पानं खाणारच हो, तेव्हा औषध फवारू नका प्लीज, अळीच मारली तर फुलपाखरू येणार कुठून!!

टेकडीप्रेमी: धायटी लावाच, कमी पाण्यात तगते, लाल फुलांवर शिंजीर पक्षी येतात. कोपऱ्यात रुई ठेवा, तिच्यावर प्लेन टायगर फुलपाखरू वाढतं, फक्त चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. घाणेरी मात्र नको, परदेशी आहे, टेकड्यांवर आधीच माजलीये.

कोथरूडकर: मस्त, लिंबू-धायटीची रोपं पावसाळ्यातच लावतो.