‘सौर किमान’ : किमान कशाचं?

विचारणा :
शाळकरी मुलांसाठी सूर्याविषयी लिहिते आहे. डाग जवळजवळ नाहीसे होतात त्या काळाला मी ‘शांत सूर्य’ म्हटलं, तर तपासणाऱ्यांनी शब्द खोडून ‘सौर किमान’ केलं. डाग नाहीत, मग शांत म्हणायला हरकत काय?

प्रतिसाद :
खोडलं ते बरोबर, पण बदली शब्दही अपुरा आहे. किमान असतं ते डागांचं, सौरवाताचं, म्हणजे सूर्यातून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या वाऱ्याचं, नव्हे. २००८ साल घ्या. त्या वर्षी २६६ दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता. तरी प्रभामंडळातल्या, म्हणजे सूर्याभोवतीच्या विरळ तप्त आवरणातल्या, विवरांतून सुटलेला वारा सेकंदाला ६००-७०० किलोमीटर वेगाने पृथ्वीपर्यंत येत होता. संथ वारा ३००-४००चा असतो. पृथ्वीवरून पाहता सूर्याचा फेरा सुमारे २७ दिवसांचा, त्यामुळे तेच विवर २७ दिवसांनी पुन्हा समोर येतं आणि चुंबकसूची पुन्हा थरथरते. अगदी पाळीच्या तापासारखं! जर्मन भूभौतिकशास्त्रज्ञ बार्टेल्स यांनी १९३२मध्ये, विवरांचा पत्ताही नसताना, या क्षोभांमागच्या सूर्यावरच्या अदृश्य जागांना ‘एम-प्रदेश’ असं नाव दिलं होतं. डागांचा तळ डिसेंबर २००८मध्ये गाठला गेला, भूचुंबकीय हालचाल मात्र सर्वांत मंदावली ती २००९मध्ये. म्हणजे किमानं दोन आहेत, आणि एकाच शब्दाने ती झाकली जातात.

दुसरा प्रतिसाद :
‘शांत’ हा शब्द आधीच गुंतलेला आहे, हेही ध्यानात घ्या. भूचुंबकत्वात दर महिन्याचे ५ शांत आणि ५ क्षुब्ध दिवस ठरवतात. तिथे शांत असते ती पृथ्वीवरची चुंबकसूची, सूर्य नव्हे. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या नोंदी वाचणाऱ्याच्या मनात हाच अर्थ येणार. (मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार, त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी १९०४पासून अलिबागला गेल्या.)

विचारणाऱ्या :
मग या क्षोभाला ‘वादळ’ म्हणू?

पहिला प्रतिसाद देणारे :
सरसकट नको. सूर्यावरचा स्फोट थेट आदळतो तेव्हा वादळ एकदम उठतं, तो वळीव. विवरातल्या वाऱ्याचा क्षोभ बहुधा सौम्य, पण दिवसच्या दिवस टिकणारा. त्याला आपल्याकडे ‘झड’ हा नेमका शब्द आहे. आणि सौम्य म्हणून दुर्लक्ष नको : अशा झडीनंतर पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांत जलद इलेक्ट्रॉन वाढतात, ते उपग्रहांना बाधतात.

तिसरा प्रतिसाद :
‘विवर’ मला खटकतं. कृष्णविवरामुळे मुलांना वाटेल की ते गिळतं. इथे तर चुंबकीय रेषा उघड्या पडतात आणि वारा बाहेर सुटतो. ‘खिंडार’ का नको?

पहिला प्रतिसाद देणारे :
खिंडारात काहीतरी कोसळल्याचा भाव येतो, इथे काही कोसळत नाही. विवरच ठेवून एक ओळ समजावून लिहावी.

विचारणाऱ्या :
असं लिहिते : ‘डागांच्या ओहोटीतही सूर्याचा वारा थांबत नाही, दर २७ दिवसांच्या पाळीने पृथ्वीवर त्याची झड लागू शकते.’ यात कुठे अर्थ चुकतोय का?

दुसरा प्रतिसाद देणारे :
नाही. ‘लागू शकते’ मात्र तसंच राहू द्या. विवर विरलं की पाळी चुकते.