फायनल इयरचं एपीके तपासायचं टूल गिटहबवर टाकू का? गाईड सर नाही म्हणते

दारव्ह्याचा_पोट्टा:
राजेहो, एक सल्ला पाहिजे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात फायनल इयरले आहे. आमच्या ग्रुपनं प्रोजेक्टसाठी एक टूल बनवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसानच्या, आरटीओ चलानच्या, लग्नपत्रिकेच्या नावानं एपीके फायली (अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप टाकायच्या फायली) येतात नं, त्या इन्स्टॉल न करता आत पाहते की एसएमएस वाचायची परमिशन मागितली का, अ‍ॅक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचायची अन् स्वतः बटणं दाबायची मुभा) मागितली का, अन् मग मराठीत रिपोर्ट देते. पायथनमध्ये आहे, थोडाफार कोड मॉबएसएफ नावाच्या अ‍ॅप तपासायच्या फुकट टूलमधला घेतला. आमचं म्हणणं की गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्याईसाठी ठेवायच्या साईटवर, फुकट टाकावं. सर म्हणते कोड उघडा केला तं चोरच वाचतील अन् सुटायचा रस्ता काढतील. बरोबर आहे का त्याईचं? अन् अजून एक, एका फाईलमध्ये चोराच्या टेलिग्राम बॉटचं (आपोआप चालणाऱ्या खात्याचं) टोकन, म्हणजे त्याची चावी, सापडलं, त्यावरून किती लोकांचे मेसेज त्याच्याकडं गेले ते पाहता येते म्हणते. पाहू का?

नागपूरचा_मास्तर:
आधी शेवटचं घेतो. पाहू नको. त्या टोकनमागे लोकांचे ओटीपी अन् बँकेचे मेसेज पडलेले असतील, अन् परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममधला डेटा काढणं आयटी कायद्याच्या कलम 43 मध्ये येतं, त्यात हेतू वाईट होता असं ठरलं तर 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तू चांगल्या मनानं गेला हे पोलीस स्टेशनात समजावत बसशील. ते टोकन अन् फाईलचा हॅश (फाईलची ओळख पटवणारा कोड) सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, मेल कर, सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार टाक अन् मोकळा हो. रिपॉझिटरीत, म्हणजे गिटहबवरच्या तुमच्या फोल्डरात, टोकनही नको अन् जिवंत एपीकेही नको, फक्त हॅश ठेव.

आता सरांचं. ही भीती आजची नाही. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 2013 मध्ये झेडमॅप काढलं, एका साध्या सर्व्हरवरून सगळं आयपीव्ही4 (जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचं) इंटरनेट 45 मिनिटांच्या आत स्कॅन करणारं. तेव्हाही हाच प्रश्न होता की चोर वापरतील. वापरतातही. पण कुठल्या भोकाला किती मशिनी अजून उघड्या आहेत हे जगभरच्या संशोधकांना मोजता आलं ते असल्याच टूलमुळे. अन् त्यांनी ते नुसतं फेकून दिलं नाही, आम्हाला स्कॅन करू नका असं कोणी कळवलं की त्याला यादीतून काढायचे. तुमच्या टूलात तर हल्ला करायचं काहीच नाही, परमिशन वाचणं आहे, ते चोराला आधीच येतं.

एक मात्र पक्कं पाहा. मॉबएसएफ जीपीएल लायसन्सखाली आहे. त्यातला कोड घेऊन टूल वाटणार असाल तर तुमचा कोडही त्याच अटीवर उघडा करावा लागेल. म्हणजे वाटायचं की नाही एवढंच ठरवणं हातात आहे, वाटून कोड लपवणं नाही. कॉलेजचं विचाराल तर एचओडींकडून (विभागप्रमुखांकडून) लेखी घ्या, प्रोजेक्टवर हक्क कोणाचा हे तोंडी ठरलं की पुढं भांडणं होतात.

पुसद_ते_पुणे:
मी मोबाईल सिक्युरिटीतच काम करतो. सर चुकीचे आहेत पण थोडेसेच. आजकालच्या बऱ्याच फायली दोन टप्प्यांच्या असतात. पहिली एपीके एकदम साधी, एसएमएसची परमिशनच नाही, फक्त दुसरं अ‍ॅप इन्स्टॉल करायची मागते. उघडली की "अपडेट करा" असं बटण, दाबलं की पोटातली खरी फाईल बाहेर येते अन् तिला सगळं पाहिजे असतं. तुमचं टूल पहिलीला क्लीन चिट देईल. रिक्वेस्ट इन्स्टॉल पॅकेजेस ही परमिशन दिसली की तिथंच लाल करा, अन् फाईलच्या आतल्या असेट्स फोल्डरमध्ये अजून एक एपीके लपली आहे का तेही पाहा. कोड उघडा असला तर असं कोणीतरी येऊन सांगतं, कपाटात ठेवला तर कोण सांगणार!

सेतूवाला_भौ:
तुमचं सारं बरोबर आहे बाप्पा पण गिटहब कोण पाहते? माह्या सेंटरवर कास्तकार येते, मोबाईल पुढं करते, "भौ हे पाहा बरं, हप्त्याचं आहे का?" गावच्या ग्रुपवर फाईल आलेली राहते, तेही वळखीच्याच नंबरवरून, कारण त्याचाच मोबाईल आधी गेला राहते. आता सरकारच्या सी-डॅकनं बनवलेलं एम-कवच हे मोबाईल सुरक्षेचं अ‍ॅप सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवर फुकटच आहे. आमच्या गावात किती जनाले माहीत आहे इचारून पाहा. फुकट ठेवलं म्हणजे पोचलं असं नाई होत.

अन् रिपोर्टमध्ये "धोका 72 टक्के" असं नका लिहू. त्याले वाटते 28 टक्के तं चांगलं आहे नं. सरळ लिहा, "ही फाईल तुमचे मेसेज वाचते, टाकू नका." हिरवा रंग तं ठेवूच नका. टूल सुरक्षित म्हणलं अन् पैसे गेले तं लोकं माही कॉलर धरतील, तुमची नाई. टाकून बसला असन तं काय कराचं तेही खाली द्या, नेट बंद कर, बँकेत जा, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनले फोन लाव. अन् पायथन-बियथन माह्याच्यानं होत नाई, डबल क्लिक केलं की चाललं पाहिजे, नेट नसलं तरी.

दारव्ह्याचा_पोट्टा:
टोकनचं आज सर्ट-इनले मेल केलं. जीपीएलचं सरांना दाखवलं, ते म्हणते एचओडीशी बोलतो, म्हणजे एकदम नाही तं नाही म्हटलं. दोन टप्प्यांवालं खरंच सुटलं होतं आमच्याकडून, ते टाकून राहिलो. भौ, टक्के काढले, हिरवा पण काढला. विंडोजसाठी एक्झी (डबल क्लिकनं चालणारी फाईल) बनवली तं तुमच्या सेंटरवर आणून लावू का?

सेतूवाला_भौ:
आण नं. पण बाजाराच्या दिवशीच येजो, त्या दिवशी दहा जनं मोबाईल घेऊन उभे राहतात. अन् माह्याकडं विंडोज 7 आहे, ते आधी पाहून घे.

पुसद_ते_पुणे:
विंडोज 7 वर पायथन 3.8 च्या पुढचं चालत नाही. एक्झी 3.8 वरच बनवा.