मदत हवी आहे: इव्हॉल्व्ह न करता मिस्टीला कसं हरवायचं?

नमस्कार मंडळी. पोकेमॉन फायररेड हा व्हिडिओ गेम खेळतोय, नियम एकच: टीममधल्या कोणत्याही पोकेमॉनला इव्हॉल्व्ह होऊ द्यायचं नाही, म्हणजे पुढच्या रूपात बदलू द्यायचं नाही. स्क्रीन चमकायला लागली की लगेच बी बटण दाबायचं. असं खेळायला मला मनापासून आवडतं, प्रत्येक मूव्ह विचार करून टाकावी लागते.

पण गेममधल्या मिस्टी या जिम लीडरची लेव्हल २१ ची पोकेमॉन, स्टारमी, काही केल्या पडत नाही. वॉटर पल्सने चारमँडर आडवा. पिकाचूने तिला अर्ध्यावर आणलं की रिकव्हर मारून परत ताजीतवानी! इव्हॉल्व्ह न झालेल्या पोकेमॉनचा बचाव वाढवणारं इव्हिओलाइट २०१० च्या ब्लॅक-व्हाइट गेममध्ये आलं, म्हणजे इथे तोही आधार नाही.

ऑडिश हा पोकेमॉन पकडून स्टन स्पोअर (समोरच्याला पॅरालाइज करणारी मूव्ह) टाकू, की आधी पिकाचूची लेव्हल वाढवू? ऐरोली-ठाणे बाजूला कोणी असा रन पूर्ण केला असेल तर प्लीज सांगा, रविवारी वाशीला भेटायलाही येईन.